सुटल्यानंतरची शिक्षा

पॅरिस शहराच्या पूर्वेला सँ-माँदे नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस तिथे कागदाचा एक कारखाना निघाला. कारखाना तसा चारचौघांसारखाच होता, पण त्यातले बहुतेक कामगार, पुरुष आणि स्त्रियाही, तुरुंगात शिक्षा भोगून सुटलेले होते. गावात एकच गहजब उडाला. चोरदरोडेखोरांना एका छपराखाली आणून बसवले आहे, आता आपल्या घरादाराचे काय, अशी कुजबुज सुरू झाली. गिऱ्हाइकांनी वेगळाच सूर लावला. कागद चांगला आहे, पण एवढी किंमत कशाला? तुमचे मजूर तर तुरुंगातले, म्हणजे स्वस्तातले. तेव्हा भाव उतरवा! मालकाला मात्र मजूर स्वस्त पडत नव्हते. त्यांना काम शिकवावे लागत होते, अंगावर कपडा आणि पोटाला अन्न द्यावे लागत होते, वर यंत्रांचा खर्च होताच. १८३१ साली कारखान्याचे दिवाळे वाजले.

त्या कारखान्याचा मालक यूजीन फ्रान्स्वा विदॉक. तो स्वतः कधीकाळी सक्तमजुरीचा कैदी होता, पळालेला कैदी होता, आणि मधली पंधराएक वर्षे पॅरिसच्या गुप्तचर पोलिसांचा प्रमुखही होता. गुन्हेगार, पोलीस आणि कारखानदार असे तिन्ही बाजूंनी तुरुंगाचे दार पाहिलेला दुसरा माणूस इतिहासात शोधून सापडणे कठीण. म्हणूनच, सुटलेला कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो, या जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पोथ्या चाळण्याआधी या माणसाचे आयुष्य चाळावे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण सहज म्हणून जातो. विदॉकच्या आयुष्यात ही म्हण वारंवार कसोटीला लागली.

पावाच्या दुकानातला मुलगा

विदॉक १७७५ च्या जुलैमध्ये उत्तर फ्रान्समधल्या आरास या गावी जन्मला. वडिलांचे पाव भाजण्याचे दुकान होते. घर खाऊनपिऊन सुखी. पोरगा मात्र दांडगा, तलवारबाजीचा शौकीन आणि हाताचा हलका. घरातली चांदीची भांडी त्याने विकली, तेव्हा धडा शिकवावा म्हणून बापानेच त्याला दहा दिवस कोठडीत टाकायची व्यवस्था केली. त्या वेळी तो तेरा-चौदा वर्षांचा होता. धड्याचा उपयोग एवढाच झाला की पुढच्या खेपेस त्याने दुकानाचा गल्लाच साफ केला आणि अमेरिकेला जाण्यासाठी बंदर गाठले. तिथे त्याहून तयारीच्या भामट्यांनी त्याला लुबाडले. काही दिवस फिरत्या खेळवाल्यांच्या तंबूत पडेल ते काम करून तो घरी परतला. आईने त्याला पदराखाली घेतले.

१७९१ साली तो सैन्यात भरती झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. युद्धे झाली, द्वंद्वे झाली, वरिष्ठांशी भांडणे झाली. १७९४ साली लग्नही झाले, पण ते टिकले नाही. पुढच्याच वर्षी लील शहरात एका बाईवरून त्याने एका लष्करी अधिकाऱ्याला बदडले आणि तीन महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली. इथवरचा विदॉक म्हणजे तापट डोक्याचा, उडाणटप्पू तरुण. असे तरुण प्रत्येक गावात असतात. वय वाढते, डोके थंड होते आणि त्यातले बरेच जण पुढे सरळ संसार करतात.

विदॉकच्या वाट्याला ते आले नाही. लीलच्या त्या तुरुंगात बॉयतेल नावाचा एक गरीब कैदी होता. घरी खाणारी तोंडे फार, म्हणून त्याने धान्य चोरले होते आणि त्याबद्दल त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली होती. काही कैद्यांनी त्याच्या सुटकेचा बनावट हुकूम तयार केला. बॉयतेल सुटला, पण बिंग फुटले. हुकूम लिहिणाऱ्यांना आपण फक्त आपली खोली वापरू दिली, असे विदॉक शेवटपर्यंत सांगत राहिला. न्यायालयाला ते पटले नाही. १७९६ च्या डिसेंबरात बनावट दस्तऐवजाबद्दल त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन महिन्यांसाठी आत गेलेला माणूस आठ वर्षांचा कैदी झाला, आणि तेही तुरुंगातच घडलेल्या गुन्ह्यासाठी. तुरुंग ही गुन्हेगारीची शाळा आहे असे आपण नेहमी ऐकतो. विदॉकचा त्या शाळेतला प्रवेश असा झाला.

साखळीतला प्रवास

सक्तमजुरीच्या कैद्यांना पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगात गोळा करीत. गळ्यात लोखंडी कडे ठोकून, एका लांब साखळीत ओवून त्यांची वरात समुद्रकाठच्या बंदरांकडे निघे. वाटेवरच्या गावांत हा तमाशा पाहायला गर्दी लोटायची. बंदरावरच्या गोदीत जड कामे, रात्री फळीवर साखळीसह झोप. ऐन उमेदीतला जवान आणि हाडीमाशी मुरलेला दरोडेखोर एकाच साखळीत.

विदॉक १७९८ च्या आरंभी ब्रेस्टच्या बंदरावर पोचला आणि महिनाभरातच नाविकाच्या वेशात निसटला. पकडला गेला, पुन्हा पळाला. १७९९ साली त्याला भूमध्य समुद्रावरच्या तूलाँ बंदरात नेले. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तिथूनही तो पसार झाला. त्याच्या नावे निघालेल्या आठवणींचे खंड दुसऱ्यांनी लिहून काढलेले असल्याने त्यांत पदरची मीठमिरची बरीच आहे. पण एक गोष्ट त्यांत पुन्हा पुन्हा येते आणि ती खरी वाटते. प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर त्याने काहीतरी साधे काम धरले. कधी गुरांचे कळप बाजाराला हाकत नेले, कधी जहाजावर नोकरी केली, कधी खेड्यात मुलांना शिकवले. प्रत्येक वेळी कुणी ओळखले, कुणी चुगली केली किंवा त्याचाच पाय घसरला. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अखेर पॅरिसमध्ये त्याने नाव बदलून कपड्यांचा व्यापार मांडला. बरोबर आई होती आणि त्याच्यावर जीव लावणारी अॅनेट नावाची बाई होती. धंदा बरा चालला होता. म्हणजे सुधारण्यासाठी जे जे हवे असे आपण मानतो, ते सारे होते. काम होते, घर होते, माया करणारी माणसे होती. तरीही घडी विस्कटली, कारण साखळीतले जुने सोबती दारात उभे राहू लागले. पैसे दे, चोरीचा माल दडवून ठेव, नाहीतर तुझे खरे नाव पोलिसांना सांगतो. पूर्वीची बायकोही तोंड बंद ठेवण्याची किंमत मागू लागली. त्यांना पैसे द्यायचे तर कमाई संपते, नाही म्हणायचे तर बेडी पडते आणि त्यांच्या कामात सामील व्हायचे तर फासापर्यंत वाट जाते. ज्या बनावट हुकुमापायी हे सारे सुरू झाले, त्या प्रकरणातला त्याचा एक साथीदार एर्बो पुढे खुनाच्या गुन्ह्यात वधस्तंभावर गेला. ते दृश्य विदॉकने डोळ्यांनी पाहिले आणि त्याचा ठसा त्याच्या मनावर कायम राहिला.

सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करतो, यामागचे एक मोठे कारण इथे दिसते. तो वाईट संगतीत जातो असे आपण म्हणतो. पुष्कळदा संगतच त्याच्याकडे येते. ज्याला काही लपवायचे आहे, तो ते लपित माहीत असणाऱ्या प्रत्येकाचा गुलाम होतो.

काट्याने काटा

१८०९ च्या जुलैमध्ये तो पुन्हा पकडला गेला, तेव्हा चौतिशीला पोचला होता. पळण्याचा कंटाळा आला होता. त्याने पोलिसांपुढे प्रस्ताव ठेवला की मी तुमच्यासाठी काम करतो. पोलीस खात्यातले आँरी नावाचे जाणते अधिकारी होते, त्यांनी हा माणूस ओळखला. आधी बिसेत्र आणि मग ला फोर्स या तुरुंगांत विदॉक कैदी म्हणूनच राहिला आणि आतल्या बातम्या बाहेर पोचवू लागला. एकवीस महिने हे चालले. हे काम काही उजळ माथ्याने सांगण्यासारखे नव्हते. शेजारच्या कैद्याचा विश्वास मिळवायचा आणि तोच विकायचा. पण त्याच्यापुढे दुसरे दार उघडे नव्हते. १८११ च्या मार्चमध्ये त्याला बाहेर काढले, तेही तो पळाला असे भासवून.

चोरांच्या अड्ड्यांवर ज्याला मान आहे, त्यांची बोली ज्याला येते, वेश पालटण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही, असा माणूस पोलिसांना मिळाला होता. थोड्याच काळात त्याच्या हाताखाली एक छोटे पथक उभे राहिले. हीच पुढे नावारूपाला आलेली फ्रान्सची गुप्तचर शाखा, सूर्ते. १८१३ च्या डिसेंबरात नेपोलियनच्या हुकुमाने तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. आरंभी चार माणसे होती, पुढे ती संख्या अठ्ठावीसवर गेली, आणि त्यांतली बहुतेक तुरुंगातून सुटलेली होती. १८१७ या एका वर्षात या मूठभर माणसांनी आठशेहून अधिक अटका केल्याची नोंद आहे.

शहाण्यासुरत्यांनी नाके मुरडली. गर्दीत हीच माणसे खिसे कापतात, असाही बोभाटा झाला. तेव्हा विदॉकने आपल्या माणसांना कातडी हातमोजे घालायला लावले, असे त्याच्या आठवणींत आहे. हातमोजा घालून खिसा कापता येत नाही, हे त्याच्याइतके पक्के कोणाला ठाऊक असणार! विश्वास ठेवायचा, पण तो डोळे झाकून ठेवायचा नाही, ही त्याची रीत होती. चुकणाऱ्याला तो सोडत नसे. पण माणूस एकदा तुरुंगात जाऊन आला, एवढ्या कारणासाठी त्याने कुणाला दारातून परत पाठवले नाही.

एक गोष्ट मात्र विसरता येणार नाही. पॅरिसच्या गुप्तचरांचा हा प्रमुख कायद्याच्या वहीत अजून फरारी कैदीच होता. त्याच्या १७९६ च्या शिक्षेला राजा अठराव्या लुईची माफी मिळाली ती बऱ्याच वर्षांनी. म्हणजे कित्येक वर्षे सरकारने त्याच्या हातून चोर धरले आणि त्याचे स्वतःचे खाते मात्र मिटवले नाही. कामापुरता मामा, दुसरे काय?

पिवळा कागद

विदॉकसारखी बुद्धी आणि धाडस किती कैद्यांपाशी असणार? सामान्य कैद्याचे काय होत होते?

फ्रान्सच्या १८१० च्या दंडसंहितेने सक्तमजुरीच्या कैद्यांना पुन्हा डागण्याची तरतूद केली. खांद्यावरचा हा डाग १८३२ पर्यंत कायद्यात राहिला. त्याच संहितेप्रमाणे अशा कैद्याची मुदत संपली तरी तो जन्मभर पोलिसांच्या देखरेखीखाली राही. त्याच्या हाती पिवळ्या रंगाचा परवाना पडे. कुठे राहायचे आणि कोणत्या वाटेने तिथे जायचे, हेही सरकार ठरवी. गावात पोचल्यावर त्याने आधी कचेरीत जाऊन कागद दाखवायचा. मग खाणावळवाल्याला कळे, घरमालकाला कळे, कारखानदाराला कळे. ज्या गावात कोणी ओळखीचे नाही, तिथे त्याची ओळख पटायची ती या कागदावरून.

आता हिशेब मांडून पाहा. ठरवून दिलेले गाव सोडले तर तो गुन्हा. गावात राहावे तर काम मिळत नाही. काम नाही तर भाडे नाही, भाडे नाही तर छप्पर नाही, आणि बिनाछपराचा, बिनाकामाचा माणूस म्हणजे भटका, तोही त्या काळी गुन्हाच. चोरी न करताही पुन्हा आत जायची ही सोय सरकारनेच करून ठेवली होती. आणि रिकाम्या पोटी तो कोणाकडे जाणार? ज्यांना त्याचा पिवळा कागद पाहायची गरज नाही, अशी माणसे एकाच ठिकाणची, साखळीतली. आगीतून निघावे आणि फुफाट्यात पडावे, तसे हे होते.

फ्रान्सने १८२५ सालापासूनच्या गुन्ह्यांचा वार्षिक तक्ता छापायला सुरुवात केली, तेव्हा पुन्हा पुन्हा येणाऱ्या आरोपींची संख्या सर्वांच्या डोळ्यांवर आली. शिक्षा आणखी कडक करा, अशी ओरड झाली. विदॉकला मात्र या आकड्यांमागची माणसे तोंडओळखीची होती.

कारखान्याचा ताळेबंद

१८२७ च्या जूनमध्ये त्याने वरिष्ठांशी न पटल्याने राजीनामा दिला. त्याची जागा घेणारा कोको लाकूर हाही एके काळचा चोरच. हातात पैसा होता, आठवणींचे खंड खपत होते. तो पैसा त्याने सँ-माँदेच्या कारखान्यात घातला. बनावट दस्तऐवजासाठी शिक्षा झालेला हा माणूस पुढे कोणता कागद तयार करण्याच्या मागे लागला, तर खाडाखोड केली की उघडी पडेल असा. दैवाच्या मनात विनोद असतो तो असा.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. त्या सवयीने या कारखान्याकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मालाला मागणी होती, मालक हुशार होता, भांडवलही होते. बुडवले ते दोन गोष्टींनी. कामगार तयार व्हायला वेळ लागतो, तोवरचा तोटा सोसणारे कोणी मागे नव्हते. आणि गिऱ्हाइकाने माणसाच्या भूतकाळाचा भाव मालाच्या किमतीतून कापला. सुटलेल्या कैद्याला काम द्यावे असे सगळ्यांनाच वाटते. मात्र त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजावी, असेही वाटते. ती एकट्या विदॉकने मोजली आणि तो बुडाला.

१८३२ साली त्याला पुन्हा पोलिसांत बोलावले, पण वर्ष संपायच्या आत त्याला बाहेर पडावे लागले. त्यानंतर शाखेची नवी घडी बसली आणि शिक्षा झालेल्या माणसाला तिथे थारा द्यायचा नाही असे ठरले. वर्षानुवर्षे इमानाने राबलेलीही बाहेर फेकली गेली. १८३३ साली विदॉकने व्यापाऱ्यांसाठी चौकशी कचेरी काढली. उधारीवर माल उचलून पळणाऱ्या भामट्यांची माहिती ती पुरवी. जगातली पहिली खासगी हेरसंस्था म्हणून तिचे नाव घेतात. बँकेत आम्ही एखाद्या पार्टीची पत विचारणारा गोपनीय अहवाल मागवत असू, त्याची ही पणजीच म्हणायची. इथेही त्याने जुनी माणसे कामाला घेतली. १८३७ साली पोलिसांनी छापा घालून साडेतीन हजारांवर फायली उचलल्या. तो निर्दोष सुटला. १८४२ साली पुन्हा अटक, पाच वर्षांची शिक्षा, आणि ११ महिने कोठडीत काढल्यावर १८४३ च्या जुलैत अपिलात सुटका. वय अडुसष्ट. तीस वर्षांमागे सरकारच्या बाजूला आलेला माणूस, पण संशयाची पहिली नजर अजून त्याच्यावरच.

१८४४ साली त्याने एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. गुन्हे, आणि विशेषतः पुन्हा होणारे गुन्हे, कमी कसे करता येतील, हा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याने स्वतःचे प्रदर्शन भरवले, त्यात वेशांतराचे कपडे आणि कैदेतल्या बेड्या मांडल्या. बेड्या पाहायला लोकांनी तिकिटे काढली. बेडी काढून काम करणाऱ्यांनी बनवलेल्या कागदाला मात्र त्यांच्या देशात पुरता भाव मिळाला नव्हता.

११ मे १८५७ रोजी, ८१ वर्षांचा होऊन, विदॉक पॅरिसमध्ये वारला. बाल्झाकने त्याच्यावरून व्होत्रँ हे पात्र रंगवले होते. पाच वर्षांनी व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' आली. तिच्यातला पिवळा परवाना घेऊन दारोदार फिरणारा जाँ व्हालजाँ आणि त्याचा पाठलाग करणारा पोलीस जाव्हेर, या दोघांतही विदॉकचे अंश आहेत. एकाच माणसातून चोर आणि पोलीस असे दोघे निघाले. जगभरच्या वाचकांनी व्हालजाँसाठी डोळे पुसले.

आपल्या दारातला प्रश्न

फ्रान्सने १८८५ साली, तीन महिन्यांच्या अंतराने, दोन कायदे केले. मेमधल्या कायद्याने वारंवार गुन्हा करणाऱ्यांना समुद्रापारच्या वसाहतींत कायमचे पाठवायची सोय झाली. ऑगस्टमधल्या कायद्याने चांगल्या वर्तनाच्या कैद्याला मुदतीआधी अटींवर सोडायची वाट उघडली. एका हाताने फेकणे, दुसऱ्याने उचलणे. समाजाचे मन या दोन हातांत आजही हेलकावते आहे.

आपलेही काही वेगळे नाही. ब्रिटिश अमलात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याने तर गुन्हा न केलेल्यांच्याही कपाळी जन्मतः शिक्का मारला. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. पिवळ्या कागदाचाच हा थोरला भाऊ. १९५२ साली तो कायदा गेला, या जमाती विमुक्त झाल्या, पण लोकांच्या नजरेतली हजेरी कितीतरी काळ संपली नाही. याउलट उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंतीविना वसाहत उभी राहिली. कैदी शेती करीत आणि कुटुंबासह राहत. त्याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. तो पाहतानाही आपण डोळे पुसलेच.

सगळेच सुटलेले कैदी सुधारतात, असा भाबडा दावा विदॉकनेही केला नसता. ज्याचे घर फुटले, ज्याचे माणूस गेले, त्याचा राग खोटा नसतो. कुणाला कामावर घ्यायचे आणि तिजोरीची किल्ली कुणाकडे द्यायची नाही, एवढी सावधगिरी हवीच. पण न्यायाधीशाने पाच वर्षे सांगितली असतील, तर सहावे वर्ष आपण कोणत्या अधिकाराने वाढवतो? ते वर्ष कुठल्याही निकालपत्रात नसते. ते खोली नाकारणाऱ्या घरमालकाच्या, अर्ज बाजूला सारणाऱ्या कारकुनाच्या आणि भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती असते.

विदॉकला एकदा एका अधिकाऱ्याने पारखून घेतले आणि पॅरिसला तिचा सर्वांत कर्तबगार पोलीस मिळाला. त्याच विदॉकने पुढे कारखानाभर माणसे पारखून घेतली, तेव्हा त्यांच्या कागदाचा पुरा दाम द्यायला कोणी पुढे आले नाही. कारखाना बंद पडल्यावर ते कामगार कुठे गेले असतील, याचा अंदाज करायला फार बुद्धी लागत नाही.